देणे आणि देणगी

मराठी भाषेने गेंड्याला फारसा न्याय दिलेला नाही. वाघाला तिने शौर्य बहाल केले, हत्तीला ऐश्वर्य दिले, गायीला वात्सल्य दिले. गेंड्याच्या वाट्याला मात्र केवळ त्याची कातडी आली. निंदा, लाज, दया यांपैकी कशाचाही ज्याला स्पर्श होत नाही, अशा माणसाला आपण 'गेंड्याच्या कातडीचा' म्हणतो आणि मोकळे होतो. प्रत्यक्षात ही कातडी दिसते तेवढी निबर नसते. उन्हाने ती भाजते, किडे तिला चावून हैराण करतात, आणि म्हणूनच हा प्राणी तासन्‌तास चिखलात लोळत असतो. ज्याला आपण संवेदनाशून्यतेचे प्रतीक ठरवले, त्याच्याच निमित्ताने आपल्या संवेदनशीलतेची परीक्षा पाहणारा एक प्रश्न आज उभा आहे. त्याचा थोडा विचार करावा, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रश्न असा आहे. आफ्रिकेत, विशेषतः केनियात, गेंड्यांच्या रक्षणासाठी राखलेल्या रानांमध्ये अत्यंत सुखसोयींनी युक्त अशी विश्रामगृहे आहेत. तंबू म्हणावे, तर आत रुंद पलंग, गरम पाण्याचे स्नानगृह आणि ओसरीवर पांढराशुभ्र टेबलक्लॉथ. सकाळ-संध्याकाळ उघड्या जीपमधून रानात फेरफटका, आणि रात्री शेकोटीभोवती उंची मद्य. एका माणसाला एका रात्रीचे शेकडो डॉलर, काही ठिकाणी हजाराहूनही अधिक, मोजावे लागतात. त्याखेरीज 'संवर्धन शुल्क' म्हणून दर माणशी वेगळी रक्कम द्यावी लागते. आपल्या इथल्या वास्तव्यामुळे गेंडा वाचतो, असे पाहुण्याला सांगितले जाते. आणि ते खोटे नाही. मग विचारी माणसाच्या मनात सहज येते: मऊ गादीवर झोपून सत्कर्म घडते काय? ज्यात आपण कशाचाही त्याग केला नाही, त्याला दान म्हणावे काय? आणि ते दान नसेल, तर त्याला म्हणावे तरी काय?

गोव्याहून निघालेला गेंडा

श्रीमंतांचा आणि गेंड्याचा संबंध आजचा नाही. त्यातील एक प्रसंग तर आपल्या किनाऱ्याशी आणि आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाशी जोडलेला आहे. १५१४ साली आफोन्सो द आल्बुकेर्क याने दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी मिळावी म्हणून गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याच्याकडे वकील धाडले. सुलतानाने परवानगी नाकारली. पण नजराण्यांच्या देवाणघेवाणीत एक जिवंत गेंडा दिला. आल्बुकेर्कने तो गोव्याहून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. १५१५ च्या जानेवारीत निघालेले जहाज २० मे रोजी लिस्बनला पोचले. रोमन काळानंतर युरोपने असा प्राणी पाहिलाच नव्हता. राजा मॅन्युएलने पवित्र त्रैक्याच्या रविवारी त्याची हत्तीशी झुंज लावली; हत्ती पळून गेला. पुढे राजाने हा गेंडा पोप दहावे लिओ यांना भेट म्हणून रोमला रवाना केला. १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात ते जहाज बुडाले. गेंड्याला पोहता येते. पण त्याला साखळदंडाने बांधलेले होते. तो बुडाला.

जर्मन चित्रकार आल्ब्रेश्ट ड्यूररने हा प्राणी कधीच पाहिला नाही. दुसऱ्याने पाठवलेले वर्णन आणि रेखाटन यांवरून त्याने १५१५ मध्ये जो लाकडी ठसा कोरला, त्यात गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे असावेत तशी कातडी दिसते. पुढची दोन-अडीच शतके युरोप गेंड्याला त्या चित्रावरूनच ओळखत होता. सुलतान, राज्यपाल, राजा आणि पोप अशा चार थोरांच्या हातांतून, वा हातांच्या दिशेने, तो प्राणी गेला. प्रत्येकाला तो हवा होता; पण त्याचे हित कोणाच्याच विचारात नव्हते. ती देणगी होती खरी, परंतु जे दिले गेले त्याच्याच जिवावर दिलेली.

त्या मानाने आजचा श्रीमंत पाहुणा पुष्कळ पुढे आला आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल. गेंडा आपल्याकडे आणण्याऐवजी तो स्वतः गेंड्याकडे जातो. तो त्याला बांधत नाही, झुंजवत नाही, मारतही नाही. शिकारी ज्यांना पायी मारणे सर्वांत धोक्याचे मानीत, अशा पाच जनावरांना 'बिग फाइव्ह' हे नाव शिकाऱ्यांनीच दिले. गेंडा त्यांतील एक. आज तेच नाव घेऊन पाहुणे केवळ कॅमेरा रोखतात. केनियाने तर १९७७ पासून शिकारीला बंदीच घातली आहे.

लेवाची कथा

तरीही गेंड्याची स्थिती किती बिकट झाली होती, हे आकड्यांशिवाय कळणार नाही. १९७० च्या सुमारास आफ्रिकेत काळे गेंडे सुमारे ६५ हजार होते. १९९५ पर्यंत ते अडीच हजारांच्याही खाली आले. केनियात सुमारे २० हजारांचे चारशेहून कमी उरले. कारण एकच: शिंग. येमेनमध्ये खंजिराच्या मुठीसाठी आणि पूर्व आशियात पारंपरिक औषधासाठी त्याला सोन्यासारखा भाव होता. वस्तुतः हे शिंग आपल्या नखांच्या आणि केसांच्याच द्रव्याचे बनलेले असते. गेंड्याची मादी सुमारे पंधरा महिने गर्भ वाहते आणि दोन-अडीच ते चार वर्षांनी एखादे पिल्लू देते; तिला बंदुकीच्या वेगाशी बरोबरी कशी करता येणार?

अशा काळात, १९८३ साली, माउंट केनियाच्या उत्तरेस असलेल्या लेवा येथील क्रेग कुटुंबाने आपल्या गुरांच्या रानातील पाच हजार एकर जमीन गेंड्यांसाठी बाजूला काढली. कुंपणासाठी आणि रखवालदारांसाठी पैसा दिला अ‍ॅना मर्झ या इंग्रज बाईंनी. उतारवयाची बेगमी म्हणून ठेवलेला पैसा शांतपणे खर्च करण्याच्या वयात त्या बाईंनी तो गेंड्यांवर खर्च केला, त्या रानातच राहिल्या, आणि आईने टाकलेले सामिया नावाचे पिल्लू त्यांनी स्वतः दूध पाजून वाढवले. पुढे कुंपण वाढत वाढत सगळे लेवा गेंड्यांचे झाले. १९९५ मध्ये त्याची ना-नफा संस्था झाली, आणि २०१३ मध्ये युनेस्कोने माउंट केनियाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश केला. दुसऱ्या वर्षी शेजारच्या बोराना रानाशी असलेले कुंपणही काढून टाकले गेले. आज केनियात काळे गेंडे हजाराच्या आसपास आहेत. साऱ्या आफ्रिकेत सहा हजारांच्या वर.

ही वाढ आपोआप झालेली नाही. प्रत्येक गेंड्याच्या कानाला विशिष्ट खाचा पाडून त्याची ओळख ठेवली जाते. रोज पायी हिंडून माग काढणारे रखवालदार कोणता गेंडा कोठे दिसला, याची नोंद करतात. रात्री शस्त्रधारी पथके टेहळणी करतात. विजेची कुंपणे, बिनतारी यंत्रे, कुत्री, वाहने, पगार हे सारे वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवस चालू ठेवावे लागते. त्या खर्चाचा एक भाग देणग्यांतून आणि दुसरा पाहुण्यांच्या पैशांतून येतो. त्याच पैशातून आसपासच्या वस्त्यांतील शाळा, दवाखाने आणि पाणीयोजना यांनाही मदत मिळते. तेव्हा विश्रामगृहातील पांढऱ्या टेबलक्लॉथची थट्टा करण्यापूर्वी, तो काढून घेतला तर त्या रखवालदाराचा पगार कोण देणार, याचे उत्तर थट्टा करणाऱ्याने द्यावे.

हेतू आणि फळ

आता मूळ प्रश्नाकडे वळू. काही जण म्हणतील, हेतूला काय महत्त्व? गेंड्याला पाहुण्याचा हेतू ठाऊक नसतो. पाहुणा भक्तीने आला की मौजेने, त्याच्या पैशातून घेतलेली बॅटरी रखवालदाराच्या हाती सारखाच उजेड देते. हे खरे आहे. गेंड्याच्या बाजूने पाहिले, तर फळ हेच सर्वस्व आहे. पण नीतीचा प्रश्न गेंड्याला पडत नसतो, आपल्याला पडतो. तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ साली एका दुकानदाराचे उदाहरण दिले होते. तो गिऱ्हाइकाला फसवत नाही, कारण प्रामाणिकपणाने धंदा चांगला चालतो. त्याचे वागणे योग्य आहे, पण त्याला नैतिक मोल आहे असे म्हणता येत नाही. विश्रामगृहातील पाहुणा हा त्या दुकानाचा गिऱ्हाईक आहे. त्याने योग्य दुकान निवडले, ही चांगली गोष्ट आहे. पण जे घेतले त्याचे मोल देणे म्हणजे दान नव्हे.

येथे आपल्या भाषेतील दोन शब्द फार उपयोगी पडतात: 'देणे' आणि 'देणगी'. देणगी ही आपल्या मर्जीची; दिली तर आभार, न दिली तर दोष नाही. देणे मात्र फेडायचे असते, आणि ते फेडल्याबद्दल कोणी हारतुरे घालत नाही. पाहुण्याची चूक ही नाही की तो मऊ गादीवर झोपतो. चूक तेथे होते, जेथे तो देण्याला देणगी म्हणू लागतो. परत आल्यावर 'आम्ही गेंडे वाचवून आलो' असे तो सांगतो, तेव्हा सुट्टीही त्याच्या पदरात पडते आणि पुण्यही. एकाच नाण्याने दोन वस्तू विकत घेतल्यासारखे.

हा मोह केवळ आफ्रिकेला जाणाऱ्यांचा नाही. आपल्या धर्मग्रामात चर्चच्या बांधकामासाठी सोडतीची तिकिटे निघतात, हौझी होते, फंडासाठी जेवणावळी होतात. त्यात काही गैर नाही. त्या निमित्ताने गाव एकत्र येते आणि छपराचे पत्रेही येतात. परंतु पहिले बक्षीस स्कूटरचे आहे म्हणून दहा तिकिटे घेणाऱ्याने, ती रक्कम आपल्या दानधर्माच्या वहीत लिहावी काय? देवळाला पैसा मिळाला, हे खरे. त्याला करमणूक आणि आशा मिळाली, हेही खरे. हिशेब तेथेच पुरा झाला.

कोणी शुभवर्तमानातील बेथानीच्या प्रसंगाचा आधार घेईल. मरियेने येशूच्या चरणांवर मौल्यवान सुगंधी तेल ओतले, तेव्हा हे तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिले नाही, असे यहुदाने विचारले. आणि येशूने तिची बाजू घेतली. मग गरिबांचे नाव पुढे करून गेंड्यांवरील खर्चाला नावे का ठेवावीत? सृष्टीच्या सौंदर्यावर केलेला खर्च वाया गेलेला नसतो, एवढा धडा त्यातून घेणे रास्त आहे. पण पाहुण्याला त्या कथेच्या आड लपता येणार नाही. मरियेने तेल ओतले ते स्वतःसाठी काही न ठेवता. आपल्याच पायांना लावून घेतलेल्या तेलाचा सुगंध इतरांनाही आला, म्हणून ते अर्पण ठरत नाही.

बिल कोण भरतो?

याहूनही कठीण प्रश्न पुढे आहे. गेंडा वाचवण्याचे बिल नेमके कोण भरतो? वरवर पाहता पाहुणा. बारकाईने पाहता त्याचा हिस्सा सर्वांत हलका ठरतो, कारण जे त्याच्यापाशी मुबलक आहे तेवढेच तो देतो. रखवालदार आपल्या रात्री देतो, कुटुंबापासूनचा दुरावा सोसतो, आणि सशस्त्र चोरट्यांशी गाठ पडली तर प्राणही देतो. आणि कुंपणाबाहेरचा पशुपालक? दुष्काळात त्याची गुरे मरत असताना कुंपणाच्या आत गवत उभे असते. त्याच्या वाट्याचा हिस्सा कोणत्याच पावतीवर लिहिलेला नसतो.

त्या जमिनीचा इतिहासही विसरता येत नाही. लेवाच्या पश्चिमेस लायकिपियाचे विस्तीर्ण पठार आहे. १९०४ च्या करारान्वये इंग्रज सरकारने मसाई लोकांना रिफ्ट खोऱ्यातून काढून काहींना या पठारावर आणले, आणि ते कायमचे त्यांचे राहील असे वचन दिले. १९११ मध्ये नवा करार करून त्यांना तेथूनही दक्षिणेकडे हलवले आणि पठार गोऱ्या वसाहतवाल्यांना खुले केले. मसाई न्यायालयात गेले. १९१३ मध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला. आज त्या पठारावरच्या मोठमोठ्या मळ्यांपैकी काही वन्यजीवांची राने झाली आहेत. ती राने चालवणारी आजची माणसे त्या अन्यायाची कर्ती नव्हेत, आणि त्यांपैकी अनेकांनी शेजाऱ्यांसाठी पुष्कळ केले आहे. तरीही ज्यांचे पूर्वज तेथून हाकलले गेले, त्यांना शाळेची खोली 'देणगी' म्हणून मिळते, तेव्हा 'देणे' हा शब्द अधिक प्रामाणिक ठरला असता.

या बाबतीत आशेची चिन्हेही आहेत. लेवाच्या उत्तरेस इल न्ग्वेसी येथे मसाई समाजाच्या मालकीचे विश्रामगृह १९९६ मध्ये सुरू झाले. २०१५ मध्ये संबुरू प्रदेशातील सेरा येथे स्थानिक समाजाने स्वतः चालवलेले काळ्या गेंड्यांचे अभयारण्य उभे राहिले. एकेकाळी चोरट्या शिकारीने जेथे गेंडा नामशेष झाला होता, तेथे तो परत आला, आणि आता तो पाहुण्यांचा नव्हे तर गावाचा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात मनुष्याला बागेची मशागत आणि राखण करायला ठेवले आहे. ही राखण श्रीमंताला विकलेली नाही. ज्याचे घर त्या बागेत आहे, त्याचा तीवर पहिला हक्क असावा.

या सगळ्यावर कोणी म्हणेल, विश्रामगृहे बंद करा आणि हे काम सरकारकडे द्या. आपल्याच देशात आसामातील काझीरंगाने तसे करून दाखवले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे मोजके गेंडे उरले होते; २०२२ च्या गणनेत २,६१३ भरले. हे मुख्यतः सार्वजनिक पैशातून आणि वनरक्षकांच्या कष्टातून झाले, आणि साधा शाळामास्तरही मुलाबाळांसह तेथे जाऊन गेंडा पाहू शकतो. पण काझीरंगालाही आपला हिशेब आहे. २०१६ च्या सप्टेंबरात उद्यानालगतच्या वस्त्या हटवताना झालेल्या पोलीस गोळीबारात दोन माणसे मरण पावली. म्हणजे रखवाली धनिकाच्या पैशाने होवो की सरकारच्या, शेजारच्या गरिबाला बिलाचा मोठा भाग भरावा लागण्याचा धोका दोन्हीकडे आहे.

आणि ज्या प्राण्याला पाहायला कोणी पाहुणा येत नाही, त्याचे काय? आपल्याकडची गिधाडे पाहा. १९९० च्या दशकात, गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे, ती लाखांनी मेली. काही जातींची संख्या शेकडा ९० हूनही अधिक घटली. गिधाड पाहण्यासाठी कोणी रात्रीला हजार डॉलर मोजत नाही. २००६ मध्ये सरकारने त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापराला बंदी घातली, तेव्हा कोठे त्यांना आधार मिळाला. जे प्राणी श्रीमंतांना आवडतात तेवढेच जगणार असतील, तर आपण नोहाची नौका पुन्हा बांधली खरी, पण दाराशी तिकिटे ठेवली, असे होईल. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात प्रत्येक जीवजातीला, ती माणसाच्या उपयोगाची असो वा नसो, स्वतःचे मोल आहे असे मांडले. त्या मोलाचा आणि बाजारातल्या मोलाचा संबंध नाही.

मग जावे की न जावे?

मला वाटते, ज्याला परवडते त्याने खुशाल जावे. वाळवंटातील एखाद्या चकचकीत शहरात खरेदी करण्यापेक्षा लेवाच्या रानात चार दिवस काढणे कितीतरी चांगले. मात्र जाताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आपल्या पैशातील किती वाटा रानाला आणि किती शेजारच्या वस्तीला मिळतो, हे आधी विचारावे. उत्तर देताना अडखळणाऱ्या ठिकाणी जाऊ नये. तेथे गेल्यावर रखवालदाराला नोकर न समजता, त्याच्याकडून काही शिकायला आलो आहोत अशा भावनेने वागावे. आणि परत आल्यावर आपण कोणावर उपकार केले, असे म्हणू नये.

देणगीची खरी कसोटी २०२० साली लागली. साथीच्या भीतीने विमाने थांबली, विश्रामगृहे ओस पडली, पाहुण्यांचा पैसा आटला. अनेक रानांत पगार कापावे लागले. तरीही रखवालदार रानात फिरतच राहिले, आणि त्या वर्षी केनियात चोरट्या शिकारीत एकही गेंडा मारला गेला नाही. त्या काळात ज्यांनी दूरच्या घरी बसून, ना गेंडा पाहिला ना शेकोटी, तरी पैसे पाठवले, त्यांनी दिले ते दान. अ‍ॅना मर्झबाईंनी दिले तेही दान. विश्रामगृहात राहणाऱ्याला या पंगतीत बसायचे असेल, तर दार उघडे आहे. बिल चुकते केल्यावर जे हातून सुटेल, तेवढ्यापुरते.

आपल्यापैकी बहुतेकांना लेवाला जाण्याचा योग येणार नाही. तरी देण्याची निकड आपल्यालाही आहे, कारण देण्याला मुदत असते. लायकिपियातील ओल पेजेता या रानात १९ मार्च २०१८ रोजी 'सुदान' नावाचा गेंडा वारला. उत्तरेकडील पांढऱ्या गेंड्यांच्या उपजातीतला तो शेवटचा नर. आता नाजिन आणि फाटू या मायलेकी तेवढ्या उरल्या आहेत. त्यांच्याभोवती अहोरात्र पहारा असतो, शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत गर्भ तयार करून पाहत आहेत, आणि जगभरातून देणग्या येतात. हे सारे चाळीस वर्षांपूर्वी आले असते, तर एवढ्या पहाऱ्याची गरज पडली नसती. आपल्या गावचे तळे, आपल्या डोंगरावरची झाडे, आपल्या कोळीवाड्यापुढचा समुद्र यांचेही काही देणे आपल्याकडे निघते. ते देणगीच्या समारंभाची वाट पाहत ठेवू नये.